कात्र्या बाहेरच्या खोलीत

४ तारीख, सोमवार

कात्र्या बाहेर काढा म्हणे. या घरात!

दुपारी दवाखान्यातून घरी आले आणि पाठोपाठ ब्रदर आला. घरी येऊन औषध देणारा पुरुष-नर्स. दवाखान्यात त्यांना सगळे ब्रदर म्हणतात, म्हणून आम्हीही ब्रदर. चाळिशीला टेकलेला असेल, डोक्यावर मध्यभागी चकचकीत टक्कल. आधी हात धुतले. मग खोलीभर नजर फिरवली. परत हात धुतले. मग म्हणाला, मावशी, या खोलीत कात्री, ब्लेड, टोकदार काही ठेवायचं नाही. नळीजवळ कात्री आली की खेळ खलास.

आता माझ्या खिडकीत तीन कात्र्या, उशाखाली एक, शिवणाच्या डब्यात किती ते मलाच ठाऊक नाही. मी कापड बेतते, माझी धाकटी जाऊ शिवते. बाहेरची खोली म्हणजे दुकान, आतल्या खोलीत माझा पलंग. लोकांच्या घरात मांजर फिरतं तशा आमच्याकडे कात्र्या फिरतात. धाकटीनं मुकाट्यानं सगळ्या गोळा केल्या. टोपलीभर निघाल्या! ब्रदर टोपलीकडे बघतच राहिला.

नळी उजव्या दंडात आहे. दंडातून आत शिरून शिरेशिरेनं थेट हृदयाच्या दाराशी पोचलेली. बाहेर चार बोटं लोंबते, टोकाला निळी टोपी. मणक्यात जंतू झालेत, त्यांना मारायला सहा आठवडे रोज औषध. हाताच्या साध्या शिरा दवाखान्यातच दगा देऊन गेल्या. आधी डाव्या दंडात नळी घातली होती, तिथं रक्ताची गाठ झाली. म्हणजे आता ही एकच. ही गेली तर पुन्हा दवाखाना, आणि औषध अर्धवट राहिलं तर मणका खचेल, मग टेबलाशी उभं राहायचं विसरा. हे सगळं डॉक्टरांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की आधी मला त्याचा अर्थच लागला नाही.

टेबलाशी उभी राहिले नाही तर मी करू काय? दुसरं मला काही येत नाही.

५ तारीख, मंगळवार

ब्रदर आला. हात धुतले. निळी टोपी स्पिरिटच्या बोळ्यानं घासघासून पुसली, तांब्याचं भांडं घासावं तशी. मग सलाईनची सिरिंज. ती आत गेली की तोंडात खारट चव येते! दंडातून घातलेलं जिभेवर कसं कळतं? ब्रदर म्हणाला, सगळ्यांना कळतं. मग औषधाचा गोळा जोडला. प्लास्टिकचा, मुठीएवढा. आपोआप आकसत जातो आणि औषध आत ढकलतो. तो रिकामा होईपर्यंत पडून राहायचं.

पडून राहायचं. मला! लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. आता भिंगरीला पलंगाला बांधून ठेवलंय.

मुलाचा फोन आला. तो लांब असतो. त्यानं नळीबद्दल सगळं वाचून काढलंय आणि मला काय काय होऊ शकतं त्याची यादी ऐकवली. म्हटलं, बाबा रे, तू वाचत जाऊ नकोस, मी जगतेय तेवढं पुरे.

७ तारीख, गुरुवार

धाकटीनं औषधाच्या गोळ्यासाठी पिशवी शिवून आणली. गळ्यात अडकवायची, अस्तर लावलेली, आत नळीसाठी वेगळं छिद्र, छिद्राला काजाची शिलाई. काम चोख. मात्र कापड तिरकं बेतलंय, त्यामुळे पिशवी एका बाजूला लोंबते. बोलले नाही. (बोलले. पण नंतर.)

शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. पण बेतायला मी तिला कधी दिलं नाही. आमच्या दोघींचे नवरे भाऊ-भाऊ, दुकान त्यांचं. मोठा बेतायचा, धाकटा शिवायचा. दोघे गेले, मग मी बेतायला लागले आणि ती शिवायला. कुणी ठरवलं नाही, तसंच पडलं. कापणारा हात एकच असावा, शिवणारे दहा चालतील, असं आमचे हे म्हणायचे. शिलाई उसवता येते, कापलेलं जोडता येत नाही.

जावा म्हटलं की लोकांना हेवेदावे आठवतात. आमच्यात नाहीत. भांडणं आहेत, ती वेगळी.

तिची एक खोड मात्र आहे. सुटा धागा दिसला की कापायचा! गळ्यात फितीला धागे कापायची इवलीशी कात्री असते. रस्त्यात परक्या माणसाच्या बाहीचा धागा कापलाय तिनं. तो माणूस दचकला. ही म्हणाली, लोंबत होता.

९ तारीख, शनिवार

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. आज पडल्या पडल्या खिडकीचा पडदा नजरेनंच उसवला आणि पुन्हा शिवला. मूळ शिवणारीनं दुमड फार कमी ठेवली होती. ती मीच.

११ तारीख, सोमवार

आज जोडे खाल्ले.

धाकटी बटणं आणायला बाजारात गेली होती. हात नुसते शिवशिवत होते. पाठीचा पट्टा बांधला, उठले, बाहेरच्या खोलीत गेले. टेबलाला हात लावला. बरं वाटलं! शाळेच्या गणवेशाचा नवा तागा भिंतीशी उभा होता. तो उचलला नाही, फक्त कलता करून टेबलावर लोटला. लोटला म्हणजे थोडा उचललाच. पाठ ओरडली. मग दंडाकडे बघितलं तर नळीत रक्त चढलेलं, लालभडक, टोपीपर्यंत.

पाचावर धारण बसली. तशीच खुर्चीत बसून राहिले, हात अधांतरी धरून. ब्रदरला फोन केला. तो आला, हात धुतले (एवढं होऊनही आधी हात!), सलाईन घातलं, रक्त मागे गेलं. नशीब, गोठलं नव्हतं. माझं ब्लडप्रेशर पायावर घेतलं (दोन्ही दंड बाद), आकडा बघितला, मग म्हणाला, ‘मावशी, दंडात नळी एकच आहे. तागे बाजारात खूप आहेत.’

धाकटी आली तेव्हा ताग्याची गुंडाळी सुटलेली होती. तिनं बघितलं, गुंडाळला, परत उभा केला. सबंध संध्याकाळ माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. तिच्या अबोल्याचा मला ब्रदरच्या बोलण्यापेक्षा जास्त राग आला.

१४ तारीख, गुरुवार

बेतलेलं संपलं.

आजारी पडायच्या आधी मी शाळेच्या शर्टांचे गठ्ठे बेतून ठेवले होते. त्यावर धाकटीनं इतके दिवस काढले. आज शेवटचा गठ्ठा मशीनवर चढला. तागेच्या तागे उभे आहेत आणि कापणारं कुणी नाही. शाळेचा कारकून येऊन गेला, गोड बोलून गेला. म्हणजे चिंतेची गोष्ट आहे. शाळा उघडायच्या आत गणवेश पोचले नाहीत तर पुढच्या वर्षी तो दुसऱ्या दुकानाच्या पायऱ्या चढेल.

मुलगा म्हणतो, बाहेरून कटर बोलवा. म्हटलं, माझ्या टेबलावर परका माणूस? जीव गेला तरी नाही.

धाकटीला विचारलंच नाही मी. तिनंही ‘मी करू का’ म्हटलं नाही. दोघी चहा प्यालो.

१७ तारीख, रविवार

डाव्या हातानं लिहितेय, अक्षर बघा.

दुपारी जरा डोळा लागला होता. धाकटी पलंगाशेजारी स्टुलावर बसून शर्टांना बटणं लावत होती. उकाडा. घामानं ड्रेसिंगची कड सुटली होती आणि तिच्याखालून काळा धागा बाहेर डोकावत होता. मला कसं कळणार? मी झोपलेली. मला जाग आली ती आवाजानं. कच.

तो आवाज मी झोपेतही ओळखते. आमच्याकडे त्याचा अर्थ काम पुरं झालं.

‘काय कापलंस?’ मी विचारलं.

‘धागा. लोंबत होता, ताई.’

तिच्या बोटांत काळा धागा होता आणि त्याला गाठ होती. दोघींनी त्या गाठीकडे बघितलं. मग दंडाकडे. नळी जागेवर राहावी म्हणून डॉक्टरांनी कातडीला दोन टाके घातले होते. त्यातला एक तिच्या हातात होता! सगळ्या कात्र्या टोपलीत गेल्या होत्या, फक्त गळ्यातली राहिली होती. ती कात्री आहे हे ती तरी कुठं लक्षात ठेवते? आपण कानातलं लक्षात ठेवतो का?

तिच्या तोंडचं पाणी पळालं. धागा परत दंडावर ठेवू लागली, जसा काही तो चिकटणार होता.

ब्रदरनं फोनवर सांगितलं, हात हलवू नका, कोपर वाकवू नका, आलोच. तो आला. हात धुतले. टेपनं नळीचा बाहेरचा भाग मोजला (दर आठवड्याला मोजतो, आमच्यासारखाच टेप), पुन्हा मोजला. दोन बोटं बाहेर सरकली होती. आज औषध नाही. उद्या एक्स-रे.

१८ तारीख, सोमवार

एक्स-रे काढला. नळीचं टोक हृदयाजवळ आहे की वर सरकून भलत्याच शिरेत शिरलंय ते त्यात दिसतं. डॉक्टर बाहेरगावी. उद्या सांगतील. जीव टांगणीला म्हणजे काय ते आज कळलं.

धाकटीवर चिडायचं होतं. जिभेवर शब्द तयार होते, धारदार. पण तिच्याकडे बघितलं की जमेना. दवाखान्याच्या बाकावर माझी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, शाळेतून घालवलेल्या पोरीसारखी. गळा मोकळा. फीत काढून टाकलीय.

१९ तारीख, मंगळवार

वाचलो!

टोक थोडं वर आलंय पण मोठ्या शिरेतच आहे. चालेल म्हणाले डॉक्टर. आता टाक्यांवर भिस्त नाही, कातडीला चिकटणारी पकड लावलीय, त्यावर नवं ड्रेसिंग. औषध आजपासून पुन्हा सुरू. खारट चव आली तेव्हा मला चक्क आनंद झाला.

ब्रदर म्हणाला, त्यानं पोरांनी ओढलेली नळी बघितलीय, कुत्र्यानं चावलेली बघितलीय, एकानं तर दारात अडकवून घेतली होती. पण नीटनेटकेपणासाठी कापलेली पहिलीच! मी इतकी हसले की पाठीत कळ आली. धाकटी हसली नाही. उठून बाहेर गेली.

२० तारीख, बुधवार

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. गेली! मेल्याशिवाय गेली. शर्टांना धागे लोंबतायत आणि ही कापत नाहीये. काल शिवलेले शर्ट मला दाखवायला आणले, प्रत्येकाला शेपट्या. म्हटलं, धागे? म्हणाली, तुम्ही बऱ्या झालात की तुम्ही कापा. मी आता कात्रीला हात लावणार नाही.

आधीच बेतायला कुणी नाही, त्यात आता धागे कापायलाही नाही. दुष्काळात तेरावा महिना!

दिवसभर नुसती तळमळले. कुशीवर वळता येत नाही. उठता येत नाही. एका बाईच्या हातातून कात्री सुटलीय आणि दुसरीला ती हातात घेता येत नाही. दार उघडं होतं, तिकडचं टेबल दिसत होतं, रिकामं. आमचे हे गेले त्या आठवड्यातही ते टेबल रिकामं नव्हतं.

संध्याकाळी हाक मारली. म्हटलं, तागा घे टेबलावर.

नाही म्हणाली.

मी म्हटलं, ‘अगं, माझ्या दंडातला टाका कापलास तेव्हा हात थरथरला का तुझा? नाही ना? एका झटक्यात, स्वच्छ कापलास. तो हात मला हवाय.’

ती रडली. मीही थोडी. मग तिनं तागा घेतला.

२२ तारीख, शुक्रवार

उंटावरून शेळ्या हाकतेय.

कात्री या खोलीत आणायची नाही, मला तिकडे उभं राहायचं नाही. म्हणजे दार उघडं, ती टेबलाशी, मी पलंगावर छताकडे बघत. मी सांगायचं, तिनं करायचं. उभा धागा बघ. कापडाची किनार टेबलाच्या कडेला समांतर लाव. खडूला धार कर, बोथट खडूची रेघ दोन रेघांएवढी जाड होते, मग नक्की कुठे कापणार? शिलाईसाठी माया सोड. गळ्याला कमी, बाजूला जास्त, पोरं वाढतात.

मग कात्री सुरू झाली आणि मला एक गोष्ट कळली. मला दिसत नाही, पण ऐकू येतं! कात्री नीट चालली की लांब कर्रर्र असा आवाज येतो, श्वास घेतल्यासारखा, आणि मध्ये टोक मिटत नाही. घाबरलेला माणूस कुरतडतो. कच, कच, कच. प्रत्येक कचाला कापडावर एक दात पडतो.

‘कुरतडतेस!’ मी ओरडले. ‘खालचं पातं टेबलावर टेकव. उचलू नकोस.’

कात्री थांबली. मग पुन्हा. या वेळी लांब.

पहिला शर्ट वाया गेला. बाहीचा मुंढा इतका खोल घेतला की त्यातून डोकं जाईल. दुसराही तसाच. मी पलंगावर मुठी आवळून पडले होते. कापड वाया जाताना ऐकणं हे फोड आल्यासारखं आहे, हात लावता येत नाही आणि दुसरीकडे लक्षही जात नाही.

२५ तारीख, सोमवार

आजचा मुंढा बरोबर. मोजायला ब्रदरलाच लावलं, माझा टेप देऊन. त्यानं आधी हात धुतले. मुंढा मोजायला!

२८ तारीख, गुरुवार

ताप! सकाळी अंग तापलं आणि थंडी वाजली. नळीत जंतू गेले असतील, ब्रदर म्हणाला, आणि त्याचा चेहरा पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. तसं झालं तर नळी काढणार. रक्त घेतलं, दोन ठिकाणांहून. धाकटी दारात उभी, ओल्या फडक्याची घडी करून, उलगडून, पुन्हा घडी करून. मी म्हटलं, तू टेबलाशी जा. कापत राहा, मला ऐकू येऊ दे. गेली. दिवसभर कापत होती. तापात मला तो आवाज बरा वाटला. चुका ऐकू आल्या नाहीत. मला वाटलं, तापामुळे कान गेले.

३० तारीख, शनिवार

नळी निर्दोष. साधा घशाचा ताप होता, धाकटीकडूनच आला असणार, ती शिंकत होती. ताप उतरला.

आणि कानही शाबूत आहेत. चुका नव्हत्याच.

३ तारीख, मंगळवार

गणवेश गेले. वेळेत! शाळेचा कारकून स्वतः न्यायला आला. एक शर्ट हातात घेतला, उलटासुलटा केला, खांद्याची शिवण बघितली, आणि मोठ्यानं, मला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘बाईंचा हात आजारपणातही तसाच आहे हो. किंबहुना कॉलर यंदा जास्त सुरेख बसलीय.’

धाकटी ‘मी बेतलं’ असं म्हणाली नाही. मीही नाही. कारकून गेल्यावर ती आत आली आणि माझ्या उशीचा अभ्रा बदलायला लागली, जो सकाळीच बदलला होता.

अंगाचा तिळपापड झाला. कशामुळे ते नीट सांगता येणार नाही. कॉलर सुरेख बसलीय म्हणे! ती कॉलर मीच शिकवली. पण बसवली तिनं. आणि यंदा जास्त!

६ तारीख, शुक्रवार

आता मी ओरडत नाही. ओरडायला काही उरलं नाही. पडल्या पडल्या ऐकते, आणि ती मला न विचारता पुढे जाते. बायकांची दोन जाकिटं, एका म्हाताऱ्याची विजार. विजारीची बैठक कशी घ्यायची ते मी सांगणार होते, तोवर कर्रर्र! झालं. बरोबर झालं. आवाजावरून कळलं.

बाहेरच्या खोलीत लेकीशी फोनवर बोलते ती, हळू आवाजात. तिची लेक दुसऱ्या गावी असते, नवरा-मुलांसह. पूर्वी फोन माझ्यासमोर व्हायचा. आता दार लोटून. माझ्या तब्येतीबद्दल बोलत असेल. डॉक्टरांनी मला न सांगता तिला काही सांगितलंय की काय? दिवसभर तोच किडा डोक्यात.

१० तारीख, मंगळवार

नळीला खाज. टोपीचा भार. आंघोळीला दंडाला प्लास्टिक गुंडाळायचं, हात वर धरायचा, रस्त्यावरच्या पोलिसासारखा, आणि धाकटीनं पाणी घालायचं. उताणं झोपायचं. बाही चढत नाही म्हणून सगळ्या पोलक्यांच्या बाह्या खांद्यापासून उसवल्यात. वैताग, वैताग, वैताग! ही नळी निघाली की मी आधी दोन्ही हात पाण्यात बुडवणार आहे कोपरापर्यंत.

१३ तारीख, शुक्रवार

डॉक्टरांकडे जाऊन आले. रक्त चांगलं. मणक्याचा फोटो चांगला. जंतू हटले! डॉक्टर म्हणाले, आता दोन वाटा आहेत. सोमवारी नळी काढून महिनाभर गोळ्या, किंवा अजून दोन आठवडे नळीतूनच औषध. दोन्ही बरोबर, काही माणसं एक घेतात, काही दुसरी. विचार करून सांगा.

विचार कसला? म्हटलं, काढा! त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत. ब्रदरही तिथंच होता, हसला. म्हणाला, सोमवारी सकाळी चिमटा घेऊन येतो, दोन मिनिटांचं काम, कळणारसुद्धा नाही.

टेबलाशी मात्र रोज थोडाच वेळ उभं राहायचं. वजन उचलायचं नाही. चालेल. तागे धाकटी उचलेल, मी बेतेन. पहिल्यासारखं.

घरी येताना गाडीत मी बडबडत होते. पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेचंही काम घेऊ, दोन टेबलं टाकू, एकावर मी, एकावर तू. केवढी मोठी गोष्ट बोलले मी! दुसरं टेबल! धाकटी खिडकीतून बाहेर बघत होती.

१४ तारीख, शनिवार

आज ती पलंगाशी येऊन बसली. हात मांडीवर. म्हणाली, एक सांगायचंय.

मला वाटलं, आजाराचंच. म्हटलं, बोल, मी घट्ट आहे.

‘लेकीच्या गावात गणवेशाचा कारखाना आहे, ताई. कटिंगला बाई हवीय त्यांना. मी नमुन्याचा शर्ट बेतून पाठवला होता.’

‘कधी?’

‘तुम्हाला ताप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यांना आवडला. लगेच या म्हणाले. मी सांगितलं, मोठ्या जाऊबाईंच्या दंडात नळी आहे. ती निघाली की येते.’

मग पुढचंही बोलली. लेक किती दिवसांपासून बोलावतेय. नातवंडं मोठी होतायत. इथं कायम कुणाच्या तरी हाताखाली गेलं. तक्रार म्हणून नाही सांगत, ताई, पण तिथं टेबल माझं असेल. तुमच्यामुळेच झालं, तुम्ही शिकवलंत. हे म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खोटं बोलत नाही, तिला येतच नाही.

मी म्हटलं, जा की. चांगलं झालं. माझा आवाजही ठीक निघाला. मग तिनं विचारलं, चहा ठेवू? म्हटलं, ठेव.

राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, त्याचं काय करायचं ते मला येतं. तिच्याशिवाय हे घर कसं असतं ते मला माहीतच नाही. लग्न होऊन आले त्याच्या पुढच्या वर्षी ती आली. मला ती हवीय, टेबलासाठी नाही, ताग्यांसाठी नाही. हे तिला सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ती चहा घेऊन आली, आणि मी साखर कमी पडलीय म्हणाले.

१५ तारीख, रविवार

ती बॅग काढतेय. माळ्यावरची. झाडतेय.

१६ तारीख, सोमवार

ब्रदर यायच्या आधीच डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, गोळ्या नकोत, माझं पोट नाजूक आहे. (दगड पचतात मला.) नळी राहू दे अजून दोन आठवडे. डॉक्टर म्हणाले, हरकत नाही.

ब्रदर आला. हात धुतले. चिमटा आणला होता तो पिशवीत परत ठेवला आणि नवं ड्रेसिंग केलं. मी म्हटलं, कड घट्ट दाब. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग दाबली.

धाकटी दारात उभी होती. काय झालं, ताई?

म्हटलं, डॉक्टरच नको म्हणाले.

तिचा चेहरा काळजीनं एवढासा झाला. धावत येऊन माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग तिथंच, माझ्याजवळ बसून, तिनं लेकीला फोन लावला.